नैसंगात गाव कुठं आलं

मंजूषा वर्तकला रिकामा रकाना बघवत नाही. मग तो कशाचाही असो. गॅस मीटरचं कार्ड, शाळेच्या सहलीचा फॉर्म, नगरपालिकेची कचऱ्याच्या डब्यांबद्दलची पाहणी. हूफडॉर्प या डच गावातल्या तिच्या घरातून एकही कागद अर्धवट भरून परत गेलेला नाही. नवरा, विश्वास, तिला चिडवायचा, "अगं, तिथं 'असल्यास' लिहिलंय. आपल्याकडे घोडा नाहीये." तर ही बाई त्या रकान्यात निदान एक आडवी रेघ तरी ओढायचीच.

खोड जुनी. पुरंदर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत ती तेरा वर्षं शिक्षिका होती, आणि आपल्याकडे शिक्षक म्हटला की शिकवण्याखेरीज बाकी सगळी कामं त्याच्याच गळ्यात. पोलिओ, निवडणुका, गुरंढोरं, सगळं. एक्क्याण्णवची आणि दोन हजार एकची अशा दोन जनगणना तिनं चपला झिजवून केल्या होत्या. माणसं मोजणं सोपं असतं हो, पण त्यांना बोलतं करणं महाकठीण. "मावशी, वय किती?" "लिवा की तुमीच अंदाजानं." मग मोठ्या दुष्काळात तुम्ही रांगत होता की चालत होता, इथून सुरुवात करायची आणि बोटांवर हिशेब करत वयापर्यंत पोचायचं. मंजूषाला हे छान जमायचं. तिचे तक्ते पाहून पर्यवेक्षक इतरांना म्हणायचे, बघा, एक रकाना रिकामा नाही.

दोन हजार दोनमध्ये विश्वासला शिफोल विमानतळाजवळच्या एका कंपनीत काम मिळालं आणि चौघांचं बिऱ्हाड म्हणजे ती, तो, लेक ईशानी आणि कुकर असं सगळं इकडे आलं. इथल्या रोजगार कार्यालयातल्या बाईंनी मंजूषाचं बी.एड.चं प्रमाणपत्र उलटसुलट करून पाहिलं, "फारच छान" म्हणाल्या आणि परत दिलं. शेवटी दोन वर्षांनी एका प्राथमिक शाळेत दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत मुलांवर लक्ष ठेवण्याचं काम मिळालं. तेरा वर्षं फळ्यापुढं उभी राहिलेली बाई आता बावीस पोरांच्या पावावरचे चॉकलेटचे दाणे जमिनीवर सांडत नाहीत ना, ते बघत होती. पहिल्या आठवड्यात ती रोज शाळेच्या बाथरूममध्ये जाऊन रडली. नंतर रडणं थांबलं, पण आपल्याला जे येतं ते इथं कुणालाच नकोय, हे काही मनातून जाईना.

आणि मग दोन हजार सहाच्या ऑक्टोबरात, दोन घरं सोडून राहणारे हरीशकाका एक प्लास्टिकचं फोल्डर घेऊन दारात उभे राहिले.

हरीश कारभारी. वय अडुसष्ट, तीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेले, बायको वारलेली. जन्म सुरिनामचा. म्हणजे तीच ती दक्षिण अमेरिकेतली डचांची जुनी वसाहत, जिथं उसाच्या मळ्यांवर राबायला कलकत्त्याहून जहाजं भरभरून आपली माणसं नेली होती. त्यांची हिंदी जहाजातून गेलेली आणि मंजूषाची पुण्याची, त्यामुळे त्या दोन हिंदींची गाठ पडली की फार हाल व्हायचे. अगदीच अडलं तर डच. पण एकमेकांचं कळायचं.

"बेटी, विश्वास सांगत होता, तू सरकारसाठी माणसं मोजलीयेस," ते म्हणाले. "मग हे बघ."

फोल्डरमध्ये तीन कागद होते, हेगच्या अभिलेखागारातून आणलेल्या नकला. हरीशकाकांची पणजी, ठाकू, १८८९ साली कलकत्त्याहून जहाजात चढली, तेव्हाची एक नोंद. आणि मळ्यावरच्या शिरगणतीच्या दोन याद्या, एक १८९५ची, एक १९००ची. पहिल्या कागदावर ठाकूचं वय वीस. पुढच्यावर पस्तीस. त्याच्या पुढच्यावर तीस.

"सहा वर्षांत पंधरानं वाढली आणि पाच वर्षांत पाचानं लहान झाली," हरीशकाका म्हणाले. "माझा चुलतभाऊ म्हणतो, ठाकू दोन होत्या. आपली कुठली, कुणास ठाऊक. बारा वर्षं आमच्या घरात यावरून भांडण आहे."

मंजूषानं चष्मा लावला आणि संबंध यादीवरून बोट फिरवलं. मग तिला हसूच आलं. "काका, सगळ्यांचीच वयं बघा. वीस, पंचवीस, तीस, पस्तीस. अख्ख्या मळ्यावर तेवीस वर्षांचं माणूस एक नाही. असं कुठं असतं का? अंदाजानं लिहिलीयेत सगळी. जिथं तिला विचारून लिहिलं, तिथं वीस आणि तीस. बरोबर जुळतं. मधल्या साहेबानं नुसतं लांबून बघून पस्तीस ठोकलं. उन्हात ऊस तोडणारी बाई ती, दिसली असेल पस्तीसची. आणि हे बघा, खुणेच्या रकान्यात तिन्हीकडे 'डाव्या भुवईवर व्रण'. एकच बाई आहे ही."

हरीशकाका खुर्चीवरून उठले आणि त्यांनी तिच्याशी चक्क हस्तांदोलन केलं. मंजूषाला इतका आनंद झाला की तिनं त्यांना आग्रहानं तीन लाडू खायला घातले. चार वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तिला, तिला जे येतं ते विचारायला आलं होतं.

"आता फक्त गाव तेवढं शोधून दे," लाडू संपवून ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज बदलला.

मार्चमध्ये त्यांची आई गेली होती, एक्क्याण्णव वर्षांची होऊन. पंधरा-सोळाव्या वर्षी लग्न होऊन ती मळ्यावर आली तेव्हा तिची आजेसासू ठाकू जिवंत होती, आणि त्या म्हातारीनं तिला पोटच्या लेकीसारखं सांभाळलं. आईची शेवटची इच्छा एकच होती, माझी राख ठाकूआजीच्या गावच्या नदीत सोडा. राख पितळी कलशात, हरीशकाकांच्या दिवाणखान्यात टीव्हीच्या वरच्या फळीवर होती. दोन डिसेंबरचं तिकीट काढलेलं होतं. जिल्ह्याच्या रकान्यात बनारस होतं आणि गावाच्या रकान्यात एक शब्द होता, तो घरात सगळे 'नैसंगात' असा वाचायचे. हे नैसंगात बनारसकडे कुणालाही ठाऊक नव्हतं. अठ्ठ्याहत्तर साली एक काका जाऊन आठ दिवस विचारत फिरले, आणि उन्हाळी लागून परत आले.

"आईला शब्द दिलाय मी," हरीशकाका म्हणाले. मंजूषानं कागद ठेवून घेतले.

पहिला धागा सापडला तो सासवडला माहेरी केलेल्या फोनवर. आई सांगत होती, "हे फिरायला गेलेत. ह्यांना म्हटलं, कानटोपी घाला, तर हे ऐकतील तर शपथ." पन्नास वर्षं संसार झाला, तरी आईच्या तोंडून वडिलांचं नाव म्हणून कधी निघालं नाही. मंजूषा मध्येच "आई, थांब, थांब" म्हणाली आणि फोन तसाच टाकून कागदाकडे धावली.

नवऱ्याच्या नावाचा रकाना. तिथं लिहिलं होतं, कारभारी.

अगं बाई! एक्क्याण्णव साली वाडीवस्तीवर तिनं हेच तर ऐकलं होतं, दारोदार. मालकाचं नाव काय, मावशी? "आमचं कारभारी." नाव, नाव सांगा. "इश्श, त्येच की." मग शेजारणीनं नाव सांगायचं आणि हिनं मान हलवायची. कलकत्त्याच्या कारकुनाला शेजारीण कुठून मिळणार? त्यानं ऐकलं ते लिहिलं. आणि बाईचं नाव ठाकू-बिकू काही नाही, ठकू! चांगली आपली ठकू! बनारसला ती भरती झाली असेल, पण होती ती मराठी.

मंजूषा घरातल्या सपातांवरच हरीशकाकांकडे पळाली. सगळं सांगितलं. त्यांच्या घराण्यात पक्कं होतं, की मूळ पुरुष कुठल्याशा राजाचा कारभारी होता. लग्नपत्रिकेवर फेटेवाल्याचं चित्र छापायची पद्धत होती. मग त्यांचे खांदे हलायला लागले आणि हसून हसून डोळ्यांतून पाणी आलं.

"म्हणजे हेगपासून सुरिनामच्या पारामारिबोपर्यंत आम्ही सत्तर माणसं, 'अहो' हे आडनाव लावून फिरतोय!"

दुसऱ्याच दिवशी त्यांनी तिकीट बदलून मुंबईचं केलं. "आता काय, गाव तुझ्याच मुलखातलं. तू शोधशील." आणि मंजूषा ठसक्यात म्हणून बसली, "शोधते की. माझ्या हातून रकाना सुटत नाही, काका."

त्यानंतर तिनं जंग जंग पछाडलं. इंटरनेटवर जिल्ह्याजिल्ह्यांच्या गावांच्या याद्या काढल्या. नायगावं होती, नांदगावं होती, नैसंगात नव्हतं. सातारा, सोलापूर, नगर, नाशिक सगळं पालथं घातलं. इथं बुधवारी दुपारी शाळा लवकर सुटते. अशाच एका बुधवारी ईशानी जेवणाच्या टेबलाशी बसून चिप्स खात होती, आणि मंजूषा ओट्याशी कणीक मळत होती. तिला वाटलं, आपण तो शब्द हरीशकाकांच्या तोंडून ऐकला आणि तसाच धरून बसलो. ईशानीला इथली अक्षरं नीट लागतात.

"ईशानी, त्या पहिल्या कागदावर गावाच्या रकान्यात काय लिहिलंय गं? जसं आहे तसं वाच."

पोरीनं कागद ओढला, बघितलं आणि म्हणाली, "नाय सांगत."

"काय?"

"नाय सांगत."

मंजूषाचा पाराच चढला. "नाय सांगत म्हणजे? एक काम सांगितलं तर ही भाषा? कुठं शिकलीस हे? सरळ बोल!"

"मामा, दात स्टाट एर!" ईशानी डचमध्ये ओरडली. म्हणजे, आई, असंच लिहिलंय इथं! आणि तिनं कागद वर धरून एकेक अक्षरावर बोट ठेवलं. "नाय. सां. गत."

मंजूषा कणकेच्या हातांनी खाली बसली.

नाय सांगत. ते गाव नव्हतंच. कारकुनानं विचारलं, गाव कुठलं? आणि त्या वीस वर्षांच्या बाईनं त्याला सांगितलं, नाय सांगत. त्याला ते गावाचं नाव वाटलं. वाटणारच. आपल्या देशात काय कमी चमत्कारिक नावांची गावं आहेत?

संध्याकाळी विश्वासनं सगळं ऐकून घेतलं. तो कामाचा माणूस, लगेच तोडगा काढला. "मग लिहून दे ना नायगाव. ढीगभर नायगावं आहेत. एखादं नदीकाठचं बघ. म्हातारा जाईल, राख सोडेल, शांत होईल. कुणाचं काय बिघडतंय?"

खरंच, कुणाचं काय बिघडत होतं? हरीशकाकांनी नवा कोट घेतला होता. आईला दिलेला शब्द होता. आणि मंजूषानंही शब्द दिला होता, ठसक्यात. तिनं कोरा कागद घेतला, आणि तिच्या त्या फळ्यावरच्या सुंदर अक्षरात 'मु. पो. नायगाव' एवढं लिहिलंसुद्धा. तालुका लिहायला गेली आणि हात थांबला.

कारण असं तिनं पूर्वी एकदा केलं होतं.

दोन हजार एकचा फेब्रुवारी, जेजुरी रस्त्यावरची वीटभट्टी. काखेत पोर घेतलेली एक बाई. वय सांगितलं, मुलं सांगितली, किती गेली किती राहिली तेही सांगितलं. जन्मगाव विचारलं तर म्हणाली, "नाय सांगत, बाई." मंजूषानं गोडीनं विचारलं, रागावून विचारलं, सरकारी काम आहे म्हणून दटावलं. ती मान खाली घालून तेच. ऊन तापलं होतं, अजून चाळीस खोपटी बाकी होती. भट्टीवरची बाकी सगळी जतकडची होती, म्हणून मंजूषानं ठोकून दिलं, जत. रकाना भरला. त्या बाईनं लिहिताना बघितलं. वाचता येत नव्हतं तिला, पण काहीतरी लिहिलं गेलं एवढं कळलं, आणि ती इतकी घाबरली की पोर काखेतून खाली ठेवून हात जोडायला लागली. "काय लिवलं, बाई? खोडा ना. खोडा." मंजूषा म्हणाली, "काही नाही गं," आणि पुढच्या खोपटाकडे निघाली. त्याच तक्त्याचं पर्यवेक्षकांनी कौतुक केलं होतं.

पाच वर्षं तिला हे आठवलं नव्हतं. आता आठवलं आणि लाजेनं तिचे कान तापले. त्या बाईनं जगाकडे एकच गोष्ट मागितली होती, आणि तीही आपल्याला देता आली नाही. मंजूषानं नायगावचा कागद फाडून टाकला.

शनिवारी सकाळी ती हरीशकाकांकडे गेली. चहा ठेवायच्या आधीच तिनं सांगून टाकलं, नाहीतर धीर सुटला असता.

"दुसरं काहीतरी असेल," ते म्हणाले. "नीट बघ."

"नीटच बघितलंय, काका."

"मग गाव नाहीच?" त्यांचा आवाज चढला. "पंधरा हजार किलोमीटरवर नेऊन टाकलेली बाई, तिचं गावच नाही? मी आईला काय सांगू? तू म्हणाली होतीस, शोधते!"

"म्हणाले होते. चुकलं माझं." मंजूषाला रडू यायला लागलं होतं, पण ती बोलत राहिली. "हवं तर एखादं गाव मी लिहून देते. घरी हे म्हणतात तसंच. पण ते मी दिलेलं असेल. तिनं नाही सांगितलेलं."

हरीशकाका कलशाकडे बघत बसले. बाहेर एक बस थांब्यावर थांबून निघून गेली आणि त्यांनी सवयीनं घड्याळ बघितलं. मग म्हणाले, "कसं म्हणाली असेल? म्हणून दाखव."

"नाय सांगत."

"असं नाही. ती म्हणाली असेल तसं."

मंजूषा उभी राहिली. तिनं ती भट्टीवरची बाई डोळ्यांसमोर आणली, मान खाली, पोराला घट्ट धरलेलं. "नाय सांगत," ती म्हणाली. हळू, पण पक्कं.

हरीशकाकांनी डोळे मिटून घेतले होते. "ती गेली तेव्हा मी आठ वर्षांचा. चेहरा आठवतो, भुवई आठवते, आवाज काही केल्या आठवत नाही," ते म्हणाले. "ह्या कागदावर सगळं साहेबाचं आहे. उंची त्यानं मोजली, वय त्यानं लावलं. एवढे दोनच शब्द तिचे आहेत."

आणि मग ते रडायला लागले, मोठ्यानं, बाईमाणसासमोर रडतोय याची काही लाज न बाळगता. "कलकत्त्याच्या साहेबाला नाही सांगितलं. पोटच्या पोराला नाही सांगितलं. माझ्या आईनं इतकी वर्षं तिचे पाय चेपले, तिलाही नाही सांगितलं. आणि मी निघालो होतो, गावोगाव तिचं नाव घेऊन ओरडत."

"का सांगितलं नसेल गं?" थोड्या वेळानं त्यांनी विचारलं.

मंजूषाला थोडा अंदाज होता. कागदांवर बाई एकटी चढलेली, जहाज लागल्यावर दोन महिन्यांत मुलगा झालेला. एकटी बाई, दिवस गेलेले, बनारसला कशासाठी पोचली असेल, याचे दोन-तीन अर्थ तिच्या मनात आले होते. एकही चांगला नव्हता. "माहीत नाही, काका," ती म्हणाली, आणि चहा ठेवायला उठली.

नोव्हेंबरच्या शेवटी ते पुन्हा दारात आले. मुंबईचं तिकीट रद्द करून त्यांनी पारामारिबोचं काढलं होतं. आईची राख ते तिथल्या नदीत सोडणार होते, जिथं जहाज लागलं आणि ठकू उतरली, त्या धक्क्याशी. "आईला तिच्याजवळ जायचं होतं. आणि ती तर तिथंच आहे, कधीची," ते म्हणाले. "एक मात्र आहे. पाण्याशी उभा राहून तिच्याशी दोन शब्द बोलावेत म्हणतो, तिच्या भाषेत. छोटंसं सांग, बेटी, लांबलचक मला जमणार नाही."

मंजूषानं विचार केला. मग म्हणाली, "आता कुणी विचारत नाही, आजी."

हरीशकाकांनी अर्थ विचारला. तिनं सांगितला. त्यांनी कोटाच्या खिशातून पेन काढलं, तिकिटाच्या पाकिटावर डच अक्षरांत ते लिहून घेतलं, आणि दारातच उभं राहून मोठ्यानं म्हणून पाहिलं. पहिल्यांदा अडखळले. दुसऱ्यांदा बरोबर आलं.